गडूतलं पाणी

आई गेल्यापासून बाबांनी आंजी गावातल्या आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी पिणं सोडलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मला कळत होतं. फवारणीचा पंप ते वर्षानुवर्षं याच विहिरीवर धूत आले होते, आणि आईला वरणाला, प्यायला याच विहिरीचं पाणी लागे. तिची मूत्रपिंडं कशानं निकामी झाली, हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नव्हतं.

नागपूरच्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे माशाच्या कल्ल्यांच्या पेशी वाढवतात. तपासायचं पाणी त्यांच्यावर घालायचं. पाणी बरं असेल तर त्या तळाला फरशीसारख्या चिकटून राहतात. विषारी असेल तर आकसून सुटतात. मी बाबांना बाटली भरून पाठवायला सांगितलं.

"विहिरीत मासे नाईत," ते म्हणाले, "तू कोणाची परीक्षा घेऊन राह्यली?"

पण बाटली आली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेशी मेलेल्या होत्या. शेजारच्या, शुद्ध पाण्यातल्या, धडधाकट. फोनवर मी बाबांना सांगितलं. मग जेवलीस का, एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला.

रविवारी मी घरी गेले. एका बाटलीवर काही ठरवायचं नसतं, पुन्हा पाणी नेऊ, म्हटलं. त्यांनी उठून विहिरीतून बादली काढली, आणि चिंचेनं लख्ख घासलेल्या आईच्या तांब्याच्या गडूत पाणी ओतून वर झाकण ठेवलं.

"हे काय, बाबा?"

"रातभर राहू दे. तपासाले जाऊन राह्यलं तं चोखं जावं. मागच्या खेपेलेही असंच केलं. तुही माय असंच करे."

तांब्यात मुरलेलं पाणी माणसाला चालतं. कल्ल्यांच्या पेशींना तांब्याचा थोडा अंशही सोसत नाही. मी समजावून सांगितलं. ते गडूकडे पाहत राहिले. या वेळी बाटली मी बादलीतूनच भरली.

त्या पाण्यात पेशी जगल्या. फोन न करता मी आंजीला गेले. ऐकून बाबा ओट्यावर बसले.

"अन् तुही माय होती तेव्हाचं पाणी?"

तेही असंच असणार, म्हणणं सोपं होतं.

"तेव्हाचं आता कुठून आणू, बाबा? आजच्या पाण्यात पेशी जगल्या, एवढंच सांगू शकते."

त्यांनी मान हलवली. मग ते आत जाऊन विहिरीच्या पाण्यानं भरलेला गडू घेऊन आले. एक पेला स्वतः प्यायले. दुसरा भरून माझ्यासमोर धरला.