प्यो गुरुजींची अकरा अक्षरं

कोरियन अक्षरांना संगणकात क्रमांक देण्याचं काम सत्याऐंशी साली सोलमध्ये चाललं होतं, तेव्हा समितीत सर्वांत धाकटा मी. आमच्या लिपीत सुटी चिन्हं जुळवून एकेक अक्षर होतं. अशी अकरा हजारांहून अधिक होतात. तक्त्यात जागा फक्त दोन हजार तीनशे पन्नास. उरलेली संगणकावर उमटणार नव्हती. कुठलं अक्षर किती वेळा छापून येतं ते मोजणं, एवढंच माझं काम.

नामहे बेटावरून प्यो गुरुजी आले. कोळणींच्या तोंडचे शब्द तीस वर्षं ते शब्दकोशासाठी चिठ्ठ्यांवर उतरवत होते. त्यांतली अकरा अक्षरं माझ्या यादीत नव्हती.

"तुमच्या यंत्राला आमच्या बायांचं बोलणं झेपत नाही होय?"

"गुरुजी, वर्तमानपत्रात ती एकदाही आली नाहीत."

"कोळणी वर्तमानपत्रात मासे बांधतात हो, लिहीत नाहीत! बैठकीत तुम्ही फक्त विषय काढा. शब्दकोश छापीन तर सगळे शब्द घेऊन, नाहीतर एकही नाही."

मी हो म्हणालो.

वडीलधाऱ्यांनी विचारल्याशिवाय धाकट्यानं बोलायचं नसतं. मी वाट पाहत बसलो. शेवटी अध्यक्ष मेंग सर म्हणाले, "आणखी काही?"

मी घसा खाकरला.

"याला भूक लागलेली दिसते," सर म्हणाले. "चला रे, सूप गार होईल."

सगळे हसले. मीही हसलो. जेवताना सरांनी स्वतः माझ्या भातावर मुळ्याची किमची वाढली. त्यानंतर तर विषय काढणं मला जमेचना. त्याच आठवड्यात तक्ता कायम झाला.

नऊ वर्षांनी नवा तक्ता आला. त्यात एकूण एक अक्षर होतं, गुरुजींची अकराही. मी सकाळच्या पहिल्या बसनं, पुलावरून नामहेला गेलो. गुरुजींच्या सुनेनं दार उघडलं. गुरुजी गेल्या हिवाळ्यात वारले होते.

"त्यांच्या चिठ्ठ्या?"

"कपड्यांबरोबर जाळल्या, काका. गेलेल्या माणसाचं घरात ठेवत नाहीत ना. वीस खोकी होती, दुपारभर जळत होती."

"जुन्या कोळणींपैकी कुणी?"

"त्या कधीच गेल्या. आता आम्ही सगळे टीव्हीसारखंच बोलतो. त्या चिठ्ठ्या महत्त्वाच्या होत्या का हो? मामंजी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नव्हतं."

तिनं माझ्यासाठी नासपती सोलायला घेतली.