शनिवारचं पाणी

लग्नाला तीन महिने झाले तरी करिश्माला नवऱ्याचा जागेपणीचा चेहरा नीटसा पाठ झाला नव्हता. विलासला रोह्याच्या कंपनीत कायमची रात्रपाळी. दिवसा तो झोपायचा, म्हणजे झोपायचा प्रयत्न करायचा, कारण भाड्याच्या त्या खोलीची एकुलती एक खिडकी पश्चिमेला होती आणि दुपारी दोनपासून ऊन थेट खाटेवर येऊन बसायचं. गेल्या आठवड्यात मशीनवर त्याचा डोळा लागला. बोटं थोडक्यात वाचली.

तिने खिडकीला आतून जाड पडदा लावला तेव्हा शेजारच्या सीताबाई हसल्या. "ऊन आत घेऊन मग झाकतेस व्हय गो? बाहेरच अडव त्याला. खिडकी उघडी टाक, बाहेरून वाळ्याचा पडदा सोड नि पाणी मार. सिपोराबाय तसंच करायची. तिचा नवरा रूबेन पण रात्रपाळीवालाच."

सिपोराबाई म्हणजे घरमालकीण. नवरा गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, लेकाकडे इस्रायलला गेलेल्या. खिडकीबाहेर त्यांचे दोन गंजके हूक अजून होते. करिश्माने पेणच्या बाजारातून पडदा आणून त्या हुकांना टांगला, वर दोन तांबे पाणी मारलं, आणि त्या दुपारी विलास लहान मुलासारखा तोंड उघडं टाकून झोपला.

दुसऱ्या दिवशी ती तांब्या घेऊन बाहेर गेली तर पडदा आधीच ओला. मग रोजच. सीताबाईच असणार असं धरून ती त्यांना सोलकढी देऊन आली.

"मी? माझे गुडघे उठू देतात व्हय?" त्या म्हणाल्या, कढी मात्र ठेवून घेतली.

शनिवारी पडदा कोरडा ठणठणीत निघाला. विलास घामाघूम होऊन उठून बसला आणि ती अपराध्यासारखी पाणी मारत सुटली. पुढच्या शनिवारीही तेच.

तिने सीताबाईंना विचारलं, "सिपोराबाई शनिवारी काय करायच्या?"

"काय नाय. त्यांच्या ज्यू लोकांत शनिवारी कामाला हात लावत नाय, चूलसुद्धा नाय पेटवायची. शुक्रवारीच सगळं उरकून ठेवायची नि शनिवारी रूबेनच्या बाजूला खुशाल आडवी व्हायची."

तिसऱ्या शनिवारी करिश्मा ऊन यायच्या आधीच तांब्या भरून खिडकीशी गेली आणि थबकली. आतून विलासचं ओळखीचं घोरणं येत होतं. आणि त्याच्या जरा मागोमाग, दमलेल्या म्हाताऱ्या बाईचा, बारीक शीळ घालणारा श्वास.

ती भिंतीला टेकून थोडा वेळ ऐकत राहिली. मग दोघांपैकी कुणाचीच झोप मोडू नये म्हणून तिने पाणी अगदी हळू, बोटांवरून निथळू देत, पडद्यावर सोडलं.