एकाग्रतेचा अहवाल

अपडेट झाल्यापासून त्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सारखे हँग होत होते, म्हणून साहेबांनी मला बोलावलं. मी दुरुस्तीवाला. अपडेट कुणीही करो, खापर माझ्याच माथी फुटतं.

दोन तास एकेक प्रोग्रॅम बंद करून पाहिला, तेव्हा कुठे चोर सापडला. कोण किती काम करतं यावर पाळत ठेवायला साहेबांनीच तो बसवून घेतला होता. तो दर मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढायचा, आणि फोटो मिळाला नाही तर आधीचाच पुन्हा लावायचा. नव्या अपडेटशी त्याचं अजिबात पटत नव्हतं.

"एवढा काढून टाका, सगळं सुरळीत होईल," मी म्हणालो.

"काढला तर ही मंडळी माझ्या डोक्यावर मिरे वाटतील," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कौतुकाने आठवड्याचा अहवाल माझ्यापुढे धरला. "या आमच्या आवक-जावकच्या बाई बघा. तीन दिवस एकाच पानावर. गप्पा नाहीत, खेळ नाही. याला म्हणतात लक्ष."

मी बाईंच्या टेबलाशी गेलो. खुर्ची रिकामी होती, की-बोर्डवर धूळ बसली होती आणि स्क्रीनवरचं घड्याळ सोमवारच्या सव्वादहाला थांबलं होतं. शेजारचे म्हणाले, कॉम्प्युटर हँग झाला तशा बाई उठल्या, त्या रजा टाकून भाचीच्या लग्नालाच गेल्या.

मी परत येऊन साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी अहवाल पुन्हा एकदा चाळला. मग उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"अहवाल उद्या वर पाठवायचाय," ते हळूच म्हणाले. "बाकीचेही असेच कायमचे हँग करून द्याल का?"