खिडकीची बाजू, शेगडीची बाजू

गाडी पुढे जात नव्हती आणि मागेही जात नव्हती. गावच्या सभाघरातल्या लांब टेबलावर ती हिरवी जीप उभी होती. मोटर घूं घूं करत होती, चाकं फिरायला बघत होती, आणि गाडी मात्र जागच्या जागी थरथरत होती. दोन माणसांनी दोन बाजूंनी रेटून धरलेल्या वासरासारखी.

थॉर्किलने बटण बंद केलं.

"कुठेतरी अडकतंय," तो म्हणाला.

"हं," समोर बसलेला आयनर म्हणाला. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या त्या भागात एवढं म्हणजे पुष्कळ बोलणं झालं.

जीप प्लास्टिकच्या ठोकळ्यांची होती. ठोकळ्यांचा कारखाना तिथून फार लांब नाही, त्यामुळे त्या गावात बटाट्यांच्या पोत्यांशेजारी ठोकळ्यांची पोतीही असतात. हिवाळा आला की हे दोघे म्हातारे सभाघरात बसून काही ना काही बांधायचे. दीपगृह बांधलं, गावचं चर्च बांधलं, वाहनं नेणारी बोट बांधली. यंदा थॉर्किलची स्वतःची जीप बांधायला घेतली होती. त्याने उभी हयात वनरक्षक म्हणून सरकारी रानात काढली आणि ती सगळी याच जीपमध्ये. म्हणून पुस्तिका नव्हती, नकाशा नव्हता. अस्सल जीप बाहेर अंगणात उभी असायची, तिच्याकडे बघायचं आणि बांधायचं. दारं उघडत होती, स्प्रिंगा दबत होत्या, पुढची काच आडवी पडत होती. देवदाराचा ओंडका लागून डाव्या मडगार्डाला पोचा पडला होता, तोही थॉर्किलने एक ठोकळा तिरका बसवून दाखवला होता.

त्यांची कामाची रीत ठरलेली. टेबलाच्या एका टोकाला थॉर्किल, दुसऱ्या टोकाला आयनर. पुढचा अर्धा भाग याचा, मागचा अर्धा त्याचा, आणि गाठ मध्यावर. समोरासमोर बसलं की एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होतं, यावरून पहिल्या वर्षी चर्चचा मनोरा वाकडा झाला होता. तेव्हापासून ते डावं-उजवं म्हणतच नसत. एका बाजूला खिडकी होती, दुसऱ्या बाजूला लोखंडी शेगडी. "दार खिडकीकडे," "शिडी शेगडीकडे," एवढं म्हटलं की काम बिनचूक व्हायचं. आणि दुसरा नियम असा, की दुसऱ्याच्या अर्ध्यात हात घालायचा नाही. दुसऱ्याच्या ताटातला मासा आपण उचलत नाही, तसंच ते.

या जीपमध्ये मोटर मधोमध होती. तिच्यातून एक लांब दांडा पुढच्या आसाकडे जात होता, तोच मागच्या आसाकडे. प्रत्येक आसावर एक दातेरी चाक, त्यात दांड्याचे दाते अडकायचे. "चाक खिडकीकडे," थॉर्किल म्हणाला होता. "खिडकीकडे," आयनर म्हणाला होता. दोघांनी तसंच बसवलं होतं. आणि गाडी हलत नव्हती.

घरी जाताना थॉर्किल गाडीचाच विचार करत होता. गाडी हा निव्वळ खेळ असता तर त्याने हसून सोडून दिलं असतं. पण शरद ऋतूत त्याच्या घरी किटली जळाली होती. तो रानात अळंबी आणायला गेला होता आणि इकडे स्वयंपाकघर काळं झालं. किटली चुलीवर ठेवल्याचं त्याला आठवत नव्हतं. आजही आठवत नव्हतं. तेव्हापासून त्याची मुलगी सिग्ने मागे लागली होती. शहरात तिच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या खोल्या होत्या, त्यातली एक तिने धरून ठेवली होती. रविवारी ती उत्तर घ्यायला येणार होती. थॉर्किलने कुणालाही न सांगता मनाशी ठरवलं होतं. जीप टेबलावर तिरक्या लावलेल्या फळीची चढण चढली तर डोकं शाबूत आहे, इथेच राहायचं. नाही चढली तर मुकाट्याने जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच सभाघरात गेला. चूक आपलीच असणार, हे त्याने धरूनच टाकलं होतं. बोनेट उतरवलं, पट्ट्या सोडवल्या. दातेरी चाक खिडकीकडेच होतं. मग ते शेगडीकडे ठरलं होतं का? त्याने बराच वेळ चाक बोटांत धरलं. शेवटी उलटून शेगडीकडे बसवलं, सगळं पुन्हा बंद केलं. चालवून बघायला बॅटरी हवी होती, ती घरी चार्जिंगला लावलेली तशीच राहिली होती. हेही विसरलोच की, त्याला वाटलं. आयनरला यातलं काही सांगायचं नाही, असंही ठरवलं. सांगितलं असतं तर डोक्याचीही गोष्ट निघाली असती.

संध्याकाळी दोघे बसले. आयनरने राईच्या पावाचे तुकडे आणले होते, वर कलेजीचा लगदा आणि काकडी. खाताना तो नेहमीपेक्षा गप्प होता. थॉर्किलने बॅटरी लावली, बटण दाबलं.

जीप थरथरली. घूं घूं केलं. जागची हलली नाही.

थॉर्किलचा घास तोंडातच राहिला.

"काल अशीच थरथरत होती ना?" त्याने विचारलं.

"अशीच," आयनर म्हणाला आणि काकडी उचलण्यात गुंतला.

पण अशीच नव्हती. काल गाडी मध्ये आवळल्यासारखी होत होती, आज ताणल्यासारखी. की काल ताणली होती आणि आज आवळत होती? थॉर्किलला सांगता येईना. आयनर गेल्यावर त्याने बोनेट पुन्हा उतरवलं. चाक शेगडीकडे होतं. म्हणजे सकाळी आपण उलटवलं हे खरं. की सकाळी ते शेगडीकडेच होतं, आपण खिडकीकडे केलं, आणि नंतर पुन्हा... छे. त्याने खिडकीकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं. एका आयुष्यात शेकडो वाटा लक्षात ठेवलेला माणूस. आता एका बोटाएवढ्या चाकाची बाजू हाती लागत नव्हती.

त्यानंतर रविवारपर्यंत त्याने जीपला हात लावला नाही.

रविवारी सिग्ने सभाघरातच आली. हातात साय लावलेला सफरचंदाचा केक, काखेत कागदात बांधलेलं एक खोकं. आयनर शेगडीत लाकूड सारत होता.

"आयनरकाका, कशी झाली जीप?"

"उभी राहते," आयनर म्हणाला. "उभी राहण्यात तिचा हात कुणी धरणार नाही."

सिग्ने हसली आणि बापाशेजारी बसली. तिने विचारण्याआधीच थॉर्किल बोलला.

"येतो मी. ती खोली घेऊन टाक."

 सिग्नेला हवं होतं ते मिळालं होतं, तरी तिचा चेहरा फुलला नाही. आयनरच्या हातातलं लाकूड मात्र शेगडीच्या तोंडाशी थांबलं.

"एकाएकी काय झालं?" त्याने विचारलं.

"एकाएकी नाही. डोकं गेलंय माझं, आयनर. मी माझं चाक शेगडीकडे फिरवलं. स्वतःच्या हाताने फिरवलं. आणि गाडी म्हणते फिरवलंच नाही. आता गाडीचं खरं मानू की माझं?"

"कधी फिरवलंस?"

"परवा सकाळी... नाही. मंगळवारी सकाळी."

आयनरने लाकूड खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले.

"मी मंगळवारी दुपारी फिरवलं," तो म्हणाला.

"काय?"

"माझं चाक. शेगडीकडे. मला वाटलं मीच चुकलो. या डोळ्यांत हल्ली धुकं असतं, तुला बोललो नाही. म्हटलं गुपचूप सुधारावं, कशाला तुझ्या डोक्याला ताप."

थॉर्किल त्याच्याकडे बघत राहिला. मग जीपकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

"थांबा," सिग्ने म्हणाली. "आधी दोन्ही खिडकीकडे होती?"

"हो."

"आणि आता दोन्ही शेगडीकडे?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस दोघं मिळून तुम्ही काहीच बदललं नाहीत!"

 थॉर्किलने दोन हात समोरासमोर धरले, मध्ये दांडा आहे असं समजून बोटं फिरवली. मोटर एक, दांडा एक, पण एक चाक दांड्याला पाठीमागून भेटतं आणि एक पुढून. एकाच बाजूला बसवली तर पुढचा आस मागे यायला बघणार आणि मागचा पुढे जायला. चर्चला हे चाललं होतं, बोटीलाही. चर्च कुठे चालत नव्हतं आणि बोट वल्हवायची कुणाला होती?

"एक खिडकीकडे हवं होतं," तो सावकाश म्हणाला, "आणि एक शेगडीकडे."

"मग मी माझं फिरवतो," आयनर म्हणाला आणि पुढे सरसावला.

"नको, मी फिरवतो. आधी बोललो मी."

"अरे माझं सोपं आहे, मागचं झाकण निघतं."

"माझंही बोनेट निघतं की."

"कुणीतरी एकच!" सिग्ने ओरडली. "नाहीतर पुढचा रविवार उजाडेल!"

मग एक अशी गोष्ट झाली, जी त्या टेबलावर कधी झाली नव्हती. थॉर्किलने स्वतःचे हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "माझ्या बाजूचं तू फिरव." आयनर उठून या टोकाला आला. डोळे बारीक करून त्याने बोनेट उतरवलं. "ते नाही, त्याच्या खालचं," थॉर्किल सांगत होता. "दिसतंय मला, म्हातारड्या," आयनर म्हणाला, आणि चुकीची पट्टी काढून पुन्हा बसवली.

सिग्नेने केकचा उघडा डबा सरकवून फळी तिरकी लावली. बटण दाबलं. जीपने क्षणभर विचार केल्यासारखं केलं, मग चारही चाकं एकाच दिशेने फिरली. ती फळीला लागली, पुढचं नाक उचललं, पोचा पडलेलं मडगार्ड वर आलं, आणि ती टोकापर्यंत चढून गेली. थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. ती फळीवरून उतरून थेट केकमध्ये शिरली.

कुणी हसलं नाही आधी. मग आयनरच पहिला हसला.

थॉर्किलने चाकांवरची साय पुसता पुसता सिग्नेकडे न बघता म्हटलं, "खोली राहू दे."

"बाबा, किटली गाडीने नव्हती जाळली."

"नाही," तो म्हणाला. "ती मीच जाळली. कशी, ते मला अजून कळत नाही. ते खरंच कळत नाही."

सिग्नेने त्या कागदात बांधलेल्या खोक्याकडे पाहिलं. त्यात आपोआप बंद होणारी विजेची किटली होती. गेले दोन महिने ती आणत होती आणि तो परत पाठवत होता. आज तिने ते टेबलावर ठेवलं.

थॉर्किलने कागद सोडून किटली बाहेर काढली.

"हिची वायर कुठे जाते?" त्याने आयनरला विचारलं. "खिडकीकडे की शेगडीकडे?"