मोजणीच्या दिवशी सिल्वी

ऑक्टोबरचा पहिला बुधवार आला की मिशिगनमधल्या शाळांच्या छातीत धडधड सुरू होते. त्या दिवशी वर्गात जितकी डोकी, त्या हिशेबाने राज्याचे पैसे. डोक्यात काय चाललंय, छत गळतंय का, शिकवायला कुणी आहे का, ते कोण विचारतो! मग शाळा काय करतात? पोरांना लाडीगोडी लावतात. कुणी पिझ्झा वाटतं, कुणी झोपायच्या कपड्यांत यायची मुभा देतं.

मार्लिस किन्नुनेनने यंदा दोन्ही केलं होतं. उत्तरेकडच्या जंगलातल्या छोट्या शाळेची ती मुख्याध्यापिका. सकाळी एका शेतावरून पोरं घेऊन आली, तेव्हापासून ती दारात उभी राहून डोकी मोजत होती. शाळा समितीच्या वर्ननने स्पष्टच सांगितलं होतं, शंभर मुलं भरली नाहीत तर तिसरी-चौथी एका खोलीत आणि बेथनीला नारळ. बेथनी चौथीची शिक्षिका, सहा महिन्यांची गरोदर. नोकरी गेली की दवाखान्याचा विमाही गेला. हे वर्ननला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही.

"नव्याण्णव," कचेरीतली इर्मा म्हणाली. "शेतकरी हायकिलाची पोरं तू बटाट्याच्या शेतातून उचलून आणलीस, ती धरून."

"मग राहिलं कोण?"

इर्मा चष्मा पुसत बसली. "रागावू नकोस हं. तुझीच नात."

सिल्वी! काल तर बेथनीच्या वर्गात चांगली धडधाकट होती. मार्लिसने लेकीला, क्रिस्टाला, फोन लावला, पुन्हा लावला. उचलेल तर शपथ. शेवटी तिने गाडीच काढली.

सिल्वी घरातच होती, दप्तर पाठीला लावून, सोफ्यावर बसलेली.

"ताप आहे का हिला?"

"नाही," क्रिस्टा म्हणाली. "आई, ओरडू नकोस. काल मी हिचं नाव लेकसाइडच्या शाळेत घातलं."

मार्लिसने हातातली गाडीची किल्ली टेबलावर टाकली.

"उद्या सांगणार होते तुला. आज तिकडे पाठवली तर हिचे पैसे तिकडे. तुझ्याकडे पाठवली तर ते खोटं. मला काही सुचेना, म्हणून घरीच ठेवली."

"वा गं शहाणे! मी गावभर दारोदार फिरते, पोरं काढू नका म्हणून हातापाया पडते, आणि माझ्याच घरातून हे?"

"मग काय करू? राज्याच्या परीक्षेत तुमची शाळा तळाला. विज्ञानाला शिक्षक नाही, ग्रंथालयाला कुलूप."

"पोरं जातात, म्हणून पैसे नाहीत. पैसे नाहीत म्हणून कुलूप!"

"आणि कुलूप आहे म्हणून पोरं जातात. कळतं गं मलाही. पण तुमचं सगळं सुधारेपर्यंत ही थांबणार आहे का?" क्रिस्टाचा आवाज एकदम खाली आला. "हे बघ, आजचा दिवस घेऊन जा तिला. हिला ताप आहे म्हणून मी लेकसाइडला कळवते. सोमवारपासून तिकडे जाईल."

मार्लिसला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. तिच्या डोळ्यांपुढे बेथनी होती. "चल गं, बूट घाल," ती म्हणाली.

गाडीत पोरगी दप्तर मांडीवर घेऊन बसली.

"आजी, बेथनी बाईंना लेकसाइडचं सांगायचं नाही ना?"

"नको सांगूस."

"मग सोमवारी त्या मला शोधतील तेव्हा?"

मार्लिसने गाडीचा वेग कमी केला. तिने विचारलं, "तुला जायचंय तिकडे?"

"तू रागावशील."

"नाही रागावणार."

"जायचंय." मग अगदी हळू, "पण मी गेले की बाईंची नोकरी जाणार ना? माझ्यामुळे?"

मार्लिसने गाडी कडेला घेतली. तिला राजधानीत बसून पैशांचे नियम करणाऱ्यांचा संताप आला, वर्ननचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर काय काय लादलं होतं आपण!

"तुझ्यामुळे काही नाही गं राणी. हे सगळं मोठ्यांनी करून ठेवलंय," ती म्हणाली आणि तिने गाडी वळवली.

लेकसाइडच्या दारातही पिझ्झ्याचा वास सुटला होता. कागदी टोपी घातलेली एक बाई धावतच पुढे आली. "आलीस का! बरं झालं बाई, तुझ्यावाचून आमचं अडलं होतं!" मार्लिसला ती हावरट वाटली. सकाळपासून आपणही असंच करत होतो, हे तिला लगेच आठवलं. सिल्वीने वळून हात हलवला आणि ती आत पळाली.

परतीच्या रस्त्यावर मार्लिस मोठ्याने रडली. एकदा तर तिला वाटलं, मागे फिरावं आणि पोरीला हाताला धरून घेऊन यावं.

शाळेत जेवणाची सुट्टी झाली होती. अस्वलांची चित्रं असलेल्या पायजम्यात बेथनी व्हरांड्यात उभी होती, चेहरा नुसता फुललेला.

"मॅडम, इर्मा म्हणाली तुम्ही सिल्वीला आणायला गेलात. आली का? तिच्या वाटणीचा पिझ्झा मी झाकून ठेवलाय."

मार्लिसने तिच्यासाठी खुर्ची ओढली. "बस आधी," ती म्हणाली.

"आली ना पण?"

"शाळेत गेली गं. पण लेकसाइडच्या. मीच सोडून आले."