बॉक्सवरचा हात

दोन हजार बावीस सालचा मे महिना. दोन वर्षं बंद राहिलेली खुरसाकडची लदीन त्या वर्षी पुन्हा सुरू झाली. खुरीस म्हणजे कट्टा गावाच्या पुढच्या तिठ्यावरचा पांढरा क्रूस. मे महिन्यात वाडीतली ख्रिस्ती माणसं संध्याकाळी तिथे मेणबत्त्या लावून लदीन, म्हणजे प्रार्थना, गातात, शेजारपाजारचे हिंदूही येऊन बसतात आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे मिळतात. त्या लदिनीसाठी डॉमिंगोची मुलगी मर्लिन मुंबईहून आली. खरं सांगायचं तर ती आली होती नोकरीसाठी.

एक काळ असा होता की कट्टा ते मालवण कुठेही लग्न निघालं तरी भोंगा डॉमिंगोचाच. साडीच्या घडीसारखा जपून ठेवलेला ॲम्प्लिफायर, एक मोठा लाकडी बॉक्स, बॉक्सवर तांबड्या रंगात ‘डॉमिंगो साऊंड, कट्टा’. तार गुंडाळायची ती अंगठ्यावरून एक वेढा सरळ, एक उलटा. म्हणजे सोडताना पीळ पडत नाही. मर्लिनने हे सहाव्या वर्षी शिकून घेतलं होतं. पुढे गोव्यात वर्षभराचा साऊंडचा कोर्स केला आणि मुंबईला जाऊन तीन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लांब काठीला माईक बांधून उभी राहिली. शूटिंगच्या जागी सगळे बोलत असत. ही एकटी हेडफोन लावून, हात वर करून, श्वाससुद्धा आवरून उभी. दिवसभर पन्नास माणसांचे आवाज कानात, आणि खोलीवर आलं की बोलायला कोणी नाही.

त्या मे महिन्यात एका रेकॉर्डिस्ट बाईंनी, प्राजक्ता त्यांचं नाव, तिला एक संधी दिली होती. त्यांना नव्या कामासाठी एक माणूस हवा होता. काठी धरायला नव्हे, स्वतः रेकॉर्डिंग करायला.

“एका जागेचा दहा मिनिटांचा आवाज पाठव,” त्या फोनवर म्हणाल्या होत्या. “जसा आला तसा. साफ करायचा नाही. आणि त्यात काय काय ऐकू येतंय ते ओळीने लिहून पाठव. साफ करणारी माणसं माझ्याकडे खूप आहेत, मर्लिन. मला ऐकणारी हवी आहे.”

घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता, पण मुका. डॉमिंगो बातम्या नुसत्या बघत बसला होता. पस्तीस वर्षं भोंग्याशेजारी बसून त्याचे कान गेले होते. हे तिला माहीत होतं. इतके गेलेत हे नव्हतं.

“पप्पा, आवाज कित्या बंद केलंस?”

“हां, जेवतंय मगे,” तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या काशीबाईच्या कोंबड्या दचकल्या.

लदिनीच्या संध्याकाळी त्याने सदरा बदलला, दाढी केली आणि बॉक्स हातगाडीवर घालून तिठ्यावर नेला. वाडीतला अजय कणकवलीहून भाड्याने मोठमोठे साऊंड आणत असे, तो म्हणाला होता, “दुमिंगकाकानू, तुमी बसा, मी लावतंय.” डॉमिंगोला ते ऐकू आलं नाही, की त्याने ऐकलं नाही, कोण जाणे.

मर्लिनने आपला माईक काठीला बांधला. वाऱ्याने फुरफुरू नये म्हणून त्यावर केसाळ टोपी घातली. काशीबाई पदर सावरत जवळ आली.

“ह्यां मांजर काठयेक कित्या बांधलंस गो?”

“मांजर नाय, काकी. माईक आसा.”

“मगे त्येका दूद नको मां?” बायका हसल्या.

तेवढ्यात बॉक्सने शिट्टी मारली. कानात सुई जावी तशी. डॉमिंगो बटण वाढवतच होता. त्याची एक पद्धत होती. कान जायला लागल्यापासून तो तळहात बॉक्सच्या जाळीवर ठेवून आवाज जोखत असे. हाताला थरथर लागली की आवाज ठीक. पण आता हातही जाड झाला होता.

“दुमिंग, कान फाटले रे!” मागून कोणीतरी ओरडलं. पोरं हसली. अजयने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

मर्लिनचे कान लाल झाले. बापाची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही. शिवाय ह्या शिट्टीत तिचं रेकॉर्डिंग बुडणार होतं. वाडी लहान, गाणाऱ्यांचे गळे मोठे. बॉक्सची गरजच नव्हती. डॉमिंगो मेणबत्ती सरळ करायला वळला तेव्हा तिने मागून हात घालून बॉक्सची तार काढली. मग हेडफोन लावले आणि डोळे मिटून घेतले.

लदीन सुरेख झाली. व्हायोलिन, बायकांचे उंच सूर, पुरुषांचा खालून आलेला जाड आवाज, काजूच्या पानांची सळसळ, लांब वळणावर एसटीने बदललेला गिअर. फक्त एक खोड निघाली. दोन गाण्यांच्या मधे, सगळं शांत झालं की कुठेतरी टक टक. थांबून पुन्हा टक टक. ती डोळे न उघडता शोधत राहिली. पाल? मेणबत्तीची वात? काठीचा सांधा ढिला झालाय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर बसून तिने यादी केली. चौदा आवाजांना नावं मिळाली, पंधराव्याला मिळेना. ज्या आवाजाला नाव नाही तो यादीत कसा लिहायचा? ‘माहीत नाही’ असं लिहिलं तर बाई म्हणणार, हिला ऐकता येत नाही. मर्लिनने लॅपटॉप उघडला आणि एकेक टक टक पुसून टाकली. सहा होत्या. सफाईदार हाताने पुसल्या. कोणाला कळलं नसतं. घरात फोन लागायचा, पण नेट चालत नव्हतं, म्हणून कट्ट्याच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊन तिने रेकॉर्डिंग पाठवलं.

परत येताना काशीबाई कुंपणाशी उभी होती.

“गो, तुझ्या बापसाक कायतरी सांग. काल पुरी लदीन तो त्या बॉक्सार हात ठेवन बसलो. बोटातल्या आंगठ्येन ठोकी, आनी परत हात ठेवी. तार तर खाली लोंबा होती. मी दाखवूक गेलंय, तर माका गप रव म्हणान सांगल्यान.”

अंगठी मर्लिनच्या गेलेल्या आईची, कार्मीनची. लग्नात तिने त्याच्या बोटात घातलेली. बॉक्स जिवंत आहे का बघायचं तर तो नेहमी अंगठीने दोनदा ठोकत असे. लहानपणापासून हजारदा ऐकलेला आवाज तो. सगळ्या जगात तोच एक तिला ओळखता आला नाही.

डॉमिंगो परसात मासे साफ करत होता. ती समोर बसली, म्हणजे त्याला ओठ दिसावेत.

“पप्पा, तार मी काढलंय.”

“माका ठावक आसा.”

“मगे लावलंस कित्या नाय?”

“लदीन सुरू झालेली. मधी उठान तार लावलंय असतंय तर सगळ्यांनी बगल्यानी असती.” त्याने माशाचं पोट फाडलं. “बॉक्स शिट्टी मारी होतो मां? मोटी?”

तिने ‘हो’ म्हणून मान हलवली.

“कोणी सांगूक नाय माका,” तो म्हणाला. “लोका हसत, मी म्हणय खूश आसत.”

मग ती उठली. बॉक्स ओटीवर आणला, रेकॉर्डर त्याला जोडला आणि न पुसलेलं मूळ रेकॉर्डिंग लावलं. डॉमिंगो हात धुऊन आला. त्याने ओला तळहात जाळीवर ठेवला. गाणी आली, गेली. चेहऱ्यावर काही नाही. तिने आवाज वाढवला, आणखी वाढवला. काशीबाई कुंपणापलीकडून काय झालं म्हणून बघायला आली. दोन गाण्यांच्या मधे टक टक झालं.

डॉमिंगोने बोटं जाळीवर घट्ट दाबली.

“हो मी,” तो म्हणाला.

संध्याकाळी मर्लिन पुन्हा स्टॉपवर गेली. प्राजक्ताबाईंना तिने लिहिलं, सकाळी पाठवलेलं मी साफ केलेलं होतं. हे मूळ. पंधरावा आवाज माझ्या वडिलांचा. पाठवण्याआधी बराच वेळ तिचं बोट बटणावर नुसतंच राहिलं. समोरून एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. “नियम मोडलास. ह्या वेळी नाही घेता येणार.” एवढंच.

जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. मर्लिन मुंबईला परतली आणि पुन्हा काठी धरून उभी राहिली. दिवाळीनंतर बाईंचा आपण होऊन फोन आला, चूक स्वतःहून सांगणारी मला हवी आहे म्हणाल्या, आणि त्यांनी तिला बरोबर घेतलं. आता पडद्यावर नावं सरकतात तेव्हा शेवटाकडे तिचं नाव दिसतं. ते बघायला तोवर थिएटरात बहुधा ती एकटीच उरलेली असते.

डॉमिंगोने त्या लदिनीनंतर एकही काम घेतलं नाही. दोन हजार चोवीसच्या पावसाळ्यात तो झोपेत गेला. अंगठी त्याच्याबरोबरच ठेवली. खुरसाकडचा साऊंड आता अजय लावतो. पैसे घेत नाही, आणि आवाज बेताचा ठेवतो. काशीबाईला आता कमी दिसतं, तरी आठवड्यातून एकदा डॉमिंगोचं घर उघडून ती खिडक्या उघड-बंद करून येते. बॉक्सवरची धूळ पुसते आणि मर्लिनला फोन करते, “घर उगडलंय गो. कदी येतलंस?” पलीकडे कुठलं तरी शूटिंग चालू असतं, मर्लिन हळू आवाजात म्हणते, “येतंय, काकी,” आणि लगेच फोन ठेवत नाही. काशीबाईच्या कोंबड्या, आडाचा रहाट, मागे कुठे तरी गाडीचा हॉर्न. काशीबाई फोन बंद करायचा विसरते, तोवर ती ऐकत राहते.