बिनपट्ट्याची क्लिप

दादाची अपघातातली गाडी भंगारात जायच्या आधी वहिनी एकदा ती बघायला येणार होती, आणि त्याआधी धाकट्याला गाडीतून एक वस्तू गुपचूप काढून घ्यायची होती. म्हणून तो ठरलेल्या वेळेच्या बराच आधी निघाला. पण नशीब बघा, अपघाती गाड्यांच्या त्या आवाराच्या फाटकाशी वहिनी त्याच्याही आधी येऊन उभी.

वस्तू म्हणाल तर बोटाएवढी. सीट बेल्टच्या टोकाला असते तशी लोखंडी क्लिप, फक्त मागे पट्टा नाही. बकलमध्ये खुपसली की गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला वाटतं, माणसाने बेल्ट लावला. हे मॉड्यूल म्हणजे गाडीची घरदार सांभाळणारी करडी सासू. दार उघडलं की आतला दिवा लावायचा, दार लागलं की मालवायचा, आणि कुणी बेल्टशिवाय निघालं तर टुंगटुंग करून त्याचा जीव खायचा. क्लिप घातली की तिचं तोंड बंद. धाकट्याच्या सीट कव्हरांच्या दुकानात अशा क्लिपा बरणी भरून असायच्या.

दादाने क्लिप मागितलीच नव्हती. "आवाज जरा कमी करता येतो का रे?" एवढंच विचारलं होतं त्याने. येत होता की! मॉड्यूलला मशीन जोडून सेटिंग बदलायचं, झालं. पण धाकट्याला जेवायची घाई. "हे घे, कटकटच मिटली," म्हणत त्याने एक क्लिप दादाच्या खिशात कोंबली आणि वर हसलाही. त्या हसण्याची आता त्याची त्यालाच शिसारी येत होती.

गाडीचं नुसतं नाक चेचलं होतं. दादा मात्र गेला.

डिकीत बाळाची ढकलगाडी राहिली होती आणि डिकी आतल्या बटणानेच उघडायची. आवाराच्या रखवालदाराने बाहेरून बॅटरी जोडून दिली.

"वहिनी, तुम्ही थांबा इथेच. आत काचा आहेत."

ती ऐकतेय थोडीच! तिने दार ओढलं तसा आतला दिवा लागला. ती दादाच्या सीटवर बसली, किल्ली फिरवली, बटण दाबलं. मागे डिकी खटकन उघडली, तरी ती उतरेना.

"भावजी, ही ओरडत का नाही? मी बेल्ट कुठे लावलाय?"

"वायर तुटली असेल. मार काय कमी बसलाय?"

"दिवा तर बरोबर लागला." तिने सीटच्या कडेला चाचपडलं आणि क्लिप उपसून काढली. लगेच टुंगटुंग सुरू झालं. आता ती विचारणार, आणि आपल्याला खोटंही नीट बोलता येणार नाही, हे धाकट्याला कळून चुकलं.

वहिनीने किल्ली मागे फिरवली. आवाज थांबला.

"माझ्यामुळे गेले हो ते."

"काय?"

"या आवाजाने बाळ दचकून उठायचं. याचं काहीतरी करा, काहीतरी करा, म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते. शेवटी वैतागून कुठूनतरी हे आणलं असणार."

एका वाक्याचं काम होतं. दादा फक्त आवाज कमी करायला आला होता, क्लिप मी दिली. वाक्य अगदी ओठांपर्यंत आलं. पण त्याच वेळी त्याला हायसं वाटलं. सख्खा भाऊ गेलेला, वहिनी समोर रडतेय, आणि या बाबाला हायसं! लाज वाटली, नाही असं नाही. तरी तो मूग गिळून उभा राहिला.

"आईंना कळू देऊ नका," वहिनी हात जोडून म्हणाली. "त्या मला दारात उभं करणार नाहीत."

"नाही सांगणार. कुणालाच नाही."

ती गाडीतून उतरली आणि त्याच्या खांद्याला धरून हमसून हमसून रडली. "तुमच्यासारखा दीर आहे म्हणून निभावतंय," ती म्हणाली. "नाहीतर मी कुणापाशी बोलले असते?"

"असू द्या, वहिनी," धाकटा म्हणाला.